प्रतिज्ञापत्र आणि वकीलपत्र : स्वयंसेवकांच्या बचावखर्चाच्या प्रश्नाची चिकित्सा

भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात खटल्यांना मोठे स्थान आहे. लोकमान्य टिळकांवरील १८९७ व १९०८ चे राजद्रोहाचे खटले, महात्मा गांधींवरील १९२२ चा अहमदाबादचा खटला, मीरत कटाचा खटला, लाल किल्ल्यात चाललेला आझाद हिंद सेनेचा खटला यांवर विपुल लेखन झाले आहे. आरोपीचे निवेदन, न्यायाधीशांचे निकालपत्र आणि शिक्षेनंतर उसळलेला लोकक्षोभ या गोष्टी त्या लेखनात तपशिलाने येतात. मात्र वकिलाची फी कोणी दिली, नकलांचा व साक्षीदारांचा खर्च कोणी सोसला, जामीनदार कोणी उभे केले, हा प्रश्न अशा ग्रंथांतून क्वचितच विचारला जातो. हिशेबाच्या वहीत मावणारी बाब म्हणून तो सोडून देता येत नाही. एखाद्या संघटनेने आपल्या आदेशावरून रस्त्यावर उतरलेल्या माणसाचा फौजदारी खटल्यातील खर्च उचलावा की नाही, हे ठरवताना ती संघटना त्या माणसाशी असलेले आपले नातेच ठरवीत असते. काँग्रेसची १९२१ ची स्वयंसेवक प्रतिज्ञा, शाहिद अमीन यांचा चौरीचौरावरील ग्रंथ आणि पंडित जवाहरलाल नेहरूंच्या आत्मचरित्रातील मीरत खटल्याविषयीची पाने यांच्या आधारे या नात्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिज्ञेतील एक कलम

गांधीयुगापूर्वी राजकीय आरोपीसाठी वर्गणी गोळा करणे ही सर्वमान्य रीत होती. १८९७ साली टिळकांवर खटला झाला तेव्हा बंगालमध्ये निधी उभा राहिला, त्यासाठी रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांनी खटपट केली आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर पाठविण्यात आले. पुढे १९०८ साली टिळकांनी स्वतःच ज्युरीपुढे एकवीस तासांहून अधिक भाषण केले. ज्या न्यायमूर्ती दावरांपुढे ते भाषण झाले, त्यांनीच १८९७ साली वकील या नात्याने टिळकांना जामीन मिळवून दिला होता. वकिली आणि राजकारण यांचे संबंध त्या काळी किती गुंतागुंतीचे होते, हे यावरून ध्यानात यावे. वकील करण्यात किंवा वकिलासाठी पैसे जमविण्यात तत्त्वच्युती आहे, असे त्या पिढीला वाटले नव्हते.

डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनाने हे चित्र बदलले. असहकाराच्या कार्यक्रमात सरकारी न्यायालयांवरील बहिष्काराचा समावेश झाला. वकिलांनी वकिली सोडावी आणि लोकांनी आपले तंटे लवादांपुढे मिटवावेत असे ठरले. वकिली सोडणाऱ्यांच्या चरितार्थाची काळजीही घेतली गेली. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले. १९२१ च्या मध्यापर्यंत टिळक स्वराज्य फंडाचे एक कोटीचे उद्दिष्टही पुरे झाले. तेव्हा पैशाअभावी काही करता आले नाही, असे त्या वर्षाविषयी म्हणता येत नाही.

त्याच वर्षअखेरीस अहमदाबादच्या अधिवेशनात राष्ट्रीय स्वयंसेवक दलाची प्रतिज्ञा मुक्रर झाली. ईश्वराला साक्ष ठेवून स्वयंसेवकाने अहिंसेचे, खादीचे व अस्पृश्यतानिवारणाचे व्रत घ्यावयाचे होते, वरिष्ठांच्या आज्ञा पाळावयाच्या होत्या आणि तुरुंगवास, मारहाण किंवा मृत्यू यांना तयार राहावयाचे होते. शेवटी एक कलम होते : आपण तुरुंगात गेल्यास कुटुंबाच्या किंवा आश्रितांच्या पोषणासाठी काँग्रेसकडे काहीही मागणार नाही, अशी कबुली स्वयंसेवक देत असे. खटल्याच्या खर्चाचा उल्लेख या कलमात नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. जे न्यायालयच मानावयाचे नाही तेथे वकील देण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असा तर्क होता.

या तर्काचे नैतिक तेज नाकारण्याचे कारण नाही. १८ मार्च १९२२ रोजी गांधींनी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे गुन्हा कबूल केला आणि कायद्यात असेल ती कठोरातील कठोर शिक्षा मागितली. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि एकाच बैठकीत खटला संपला. परंतु हा आदर्श ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत पाहिले पाहिजे. गांधींवर त्यांनी लिहिलेल्या लेखांबद्दल आरोप होता. लेख त्यांचेच होते, त्यांच्या नावावर छापले होते आणि त्यांची जबाबदारी घेण्यात त्यांना अभिमान होता. म्हणजे आरोप आणि कृती यांत अंतर नव्हते. सत्याग्रही बचाव करीत नाही हे सूत्र अशाच ठिकाणी लागू पडते. ज्याने कृती केलेलीच नाही, किंवा गर्दीत कोणी काय केले हे जेथे साक्षीपुराव्यानेच ठरावयाचे आहे, तेथे बचाव न करणे म्हणजे दुसऱ्याच्या गुन्ह्यावर आपली सही करणे होय. शिवाय गांधी स्वतः बॅरिस्टर होते. वकील न घेण्याचा निर्णय त्यांच्यासाठी खरोखरच निर्णय होता. ज्याला वकील परवडत नाही त्याच्या बाबतीत त्याग आणि अभाव यांतील फरक न्यायालयाच्या दप्तरात दिसत नाही.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठीत सर्रास वापरली जाते. ती दिवाणी दाव्यांपुरती ठीक आहे. फौजदारी खटल्यातील आरोपी पायरी चढत नाही, त्याला चढवले जाते.

चौरीचौरा : प्रतिज्ञापत्राचा पुरावा

शाहिद अमीन यांचा इंग्रजी ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. चौरीचौराच्या घटनेपेक्षा त्या घटनेची कहाणी कशी घडत गेली, याचा शोध त्यांनी घेतला आहे. माफीच्या साक्षीदाराचा जबाब, सत्र न्यायालयाचा निकाल, राष्ट्रवादी इतिहासातील उल्लेख आणि डुमरी गावातील वृद्धांच्या आठवणी यांची त्यांनी एकमेकांशी तुलना केली. स्वयंसेवकांना तेथील बोलीत ‘ओटियार’ म्हणत, ते गेरव्या वस्त्रांत घरोघरी हिंडून ‘चुटकी’ म्हणजे चिमूटभर धान्य मागत, हे तपशील या आठवणींतून पुढे येतात. महाराष्ट्रातील वाचकाला पैसा फंडाची व मूठभर धान्यावर चाललेल्या संस्थांची आठवण यावी असे हे चित्र आहे. चळवळीचा दैनंदिन खर्च तळातूनच भागत होता.

जानेवारी १९२२ मध्ये गोरखपूरहून आलेल्या कार्यकर्त्याने डुमरीत मंडळ स्थापन केले आणि प्रतिज्ञापत्रांवर सह्या व अंगठे घेतले जाऊ लागले. पुढे मुंडेरा बाजारात निदर्शने करणाऱ्या काही स्वयंसेवकांना पोलिसांनी मारहाण केली. तिचा जाब विचारण्यासाठी ४ फेब्रुवारी रोजी मिरवणूक चौरीचौरा ठाण्याकडे निघाली. पोलिसांनी गोळीबार केला, माणसे पडली आणि चिडलेल्या जमावाने ठाणे पेटविले. २३ पोलीस मृत्युमुखी पडले. १२ फेब्रुवारीला बार्डोली येथे काँग्रेस कार्यकारिणीने सामुदायिक कायदेभंग स्थगित केला. गांधींनी पाच दिवसांचा उपवास केला व अपराध्यांनी आपण होऊन सरकारच्या स्वाधीन व्हावे असे आवाहन केले. मृत पोलिसांच्या कुटुंबांसाठी गोरखपूर जिल्ह्यातून निधी जमविण्यास त्यांनी सांगितले.

हा निधी योग्यच होता. निरपराध विधवांना व मुलांना मदत करण्यात गांधींची माणुसकी आणि अहिंसेवरील निष्ठा दोन्ही दिसतात. टीका करावयाची ती या निधीवर नव्हे, त्याच्या शेजारी जी जागा रिकामी राहिली तिच्यावर. शेकडो माणसे पकडली गेली होती. त्यांतील कोण हिंसक आणि कोण केवळ मिरवणुकीत सामील, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही ‘अपराधी’ हा शब्द न्यायालयाच्या आधी चळवळीनेच उच्चारला.

खटल्यात जे घडले ते या दृष्टीने बोलके आहे. स्वयंसेवकांची नोंदणीची कागदपत्रे सरकारच्या हाती लागली आणि फिर्यादी पक्षाने त्यांचा पुरावा म्हणून उपयोग केला. ज्या कागदाने स्वयंसेवकाने अहिंसेची शपथ घेतली होती तोच कागद त्याला आरोपीच्या पिंजऱ्याशी जोडणारा दुवा ठरला. मराठीत न्यायालयापुढे शपथेवर केलेल्या निवेदनालाही प्रतिज्ञापत्रच म्हणतात. डुमरीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र दोन्ही अर्थ एकाच कागदात आले. काँग्रेसने त्याच्याकडून सही घेतली होती, ती सही सरकारला सापडली, आणि त्या सहीच्या बळावर काँग्रेसकडे काही मागण्याचा हक्क त्याने आधीच सोडून दिला होता.

जानेवारी १९२३ मध्ये गोरखपूरच्या सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. एका ठाण्याच्या प्रकरणात १७२ फाशी ही संख्या इतकी अवाढव्य होती की देशात व देशाबाहेर निषेध झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात पंडित मदनमोहन मालवीय उभे राहिले. मालवीयांनी वकिली सोडून बरीच वर्षे झाली होती आणि ते या अपिलासाठी पुन्हा न्यायालयात आले. एप्रिल १९२३ मधील निकालाने १९ जणांची फाशी कायम केली, बहुतेक इतरांची जन्मठेपेवर आणली आणि काहींना मुक्त केले. जुलै १९२३ मध्ये १९ जण फासावर गेले.

हे सारे श्रेय मालवीयांच्या युक्तिवादाला देणे अतिशयोक्तीचे होईल. तत्कालीन कायद्याप्रमाणे सत्र न्यायालयाने दिलेली प्रत्येक फाशी उच्च न्यायालयाकडून कायम होणे आवश्यकच होते, आणि अपील नसते तरी न्यायमूर्तींना कागद वाचावे लागले असते. पण प्रत्येक आरोपीचे नाव स्वतंत्र काढून त्याच्याविरुद्ध नेमका कोणता पुरावा आहे हे विचारणे, एका माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला इतर आधार आहे की नाही हे तपासण्यास भाग पाडणे, ही कामे अनुभवी वकिलाशिवाय क्वचितच होतात. १७२ आणि १९ यांच्यामध्ये १५३ माणसे आहेत. न्यायालयात बचाव करणे निष्फळ असते या मताची कसोटी या आकड्यावर घ्यावी लागते.

अमीन यांच्या ग्रंथातून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते. राष्ट्रीय इतिहासाने चौरीचौराला ‘आंदोलन थांबविणारी घटना’ म्हणून लक्षात ठेवले आणि त्या घटनेतील माणसांना नावाशिवाय सोडून दिले. १९२४ साली तेथे मृत पोलिसांचे स्मारक उभे राहिले. फासावर गेलेल्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे राहण्यास १९९३ साल उजाडावे लागले. आठवणीच्या या विलंबाचे मूळ १९२२ च्या त्या पहिल्या निर्णयात, आपली माणसे कोण हे ठरविण्याच्या घाईत, शोधता येते.

या अनुभवातून काँग्रेसने प्रतिज्ञेत काही दुरुस्ती केली असेल असे कोणास वाटेल. मार्च १९३० मध्ये कायदेभंगासाठी जी प्रतिज्ञा तयार झाली तिच्यातही तुरुंगात गेल्यास कुटुंबासाठी काँग्रेसच्या निधीतून पैसे मागणार नाही हे कलम कायम होते आणि आज्ञापालनाचे कलमही कायम होते.

मीरत : गरिबांची नाणी आणि वकिलांचे धनादेश

बचावाचा खर्च संघटितपणे उचलण्याचा एक मोठा प्रयत्न काँग्रेसजनांनी या दोन प्रतिज्ञांच्या मधल्या काळात केला, आणि तोही काँग्रेसबाहेरच्या माणसांसाठी. २० मार्च १९२९ रोजी देशभर धाडी घालून कामगार नेत्यांना व कम्युनिस्टांना अटक झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या चळवळीचे जवळजवळ सगळे पुढारी, म्हणजे डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर हे त्यांत होते. अर्जुन आळवे व गो. रा. कासले हे तर गिरण्यांतून पुढे आलेले कामगारच होते. पुण्याचे वृद्ध धुंडिराज ठेंगडी खटला चालू असतानाच निवर्तले.

मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली बचाव समिती स्थापन झाली. डॉ. अन्सारी व जवाहरलाल नेहरू तिचे सदस्य होते. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नेहरूंनी या समितीचा अनुभव सांगितला आहे. त्या ग्रंथाच्या रसाळ पानांपुढे ही दोन-तीन पाने रूक्ष वाटतात, म्हणून की काय त्यांच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. धनिकांना कम्युनिस्टांविषयी व कामगार चळवळ्यांविषयी सहानुभूती नसल्याने पैसा जमेना. समितीतील नामवंत वकील सल्ला फुकट देत, पण महिनोन्‌महिने मीरतला मुक्काम करणे त्यांना शक्य नव्हते. ज्यांना शक्य होते त्यांना हा खटला कमाईची संधी वाटला. १९१९ च्या पंजाब लष्करी कायद्याच्या वेळी एका अग्रगण्य वकिलाने पीडितांकडून पुरी फी वसूल केली आणि त्यासाठी कित्येकांना कर्ज काढावे लागले, मालमत्ता विकावी लागली, अशीही आठवण नेहरू देतात. गरीब कामगारांकडून तांब्याची नाणी गोळा करावयाची आणि वकिलांना भरघोस धनादेश द्यावयाचे, या गोष्टीची त्यांना मनस्वी चीड आली होती.

नेहरूंचा संताप रास्त आहे आणि आपल्याच व्यवसायाविषयी इतके परखड लिहिणारे वकील थोडे. तथापि त्यांच्या विवेचनात एक विसंगती राहिली आहे. राजकीय किंवा कामगार खटल्यात बचाव केला काय आणि न केला काय, परिणाम बहुधा तोच, असे ते म्हणतात. लगेच पुढे मीरतसारख्या खटल्यात बचाव अनेक दृष्टींनी आवश्यकच होता, असेही सांगतात. या दोन विधानांचा मेळ त्यांनी घातलेला नाही. ‘परिणाम’ या शब्दाने त्यांना सरकारचा हेतू अभिप्रेत असावा. सरकार ज्याला शिक्षा करावयाची ठरवते त्याला शिक्षा होतेच. पण शिक्षा होणे आणि किती होणे यांत आरोपीचे आयुष्य असते. जानेवारी १९३३ मध्ये सत्र न्यायालयाने मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप व डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, स्प्रॅट यांना बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपिलात मुझफ्फर अहमद यांची शिक्षा तीन वर्षांवर आणली आणि इतरांच्या शिक्षाही मोठ्या प्रमाणावर कमी केल्या. अपिलात कैलासनाथ काटजू आरोपींतर्फे उभे होते. आत्मचरित्र प्रसिद्ध होण्याच्या तीन वर्षे आधीचा हा निकाल नेहरूंच्या ‘निष्फळ’ या निष्कर्षाला आधार देत नाही.

खर्चाच्या दृष्टीने मीरतची एक बाजू नेहरूंच्या लिखाणात सूचित आहे, पण तिचा विस्तार व्हावयास हवा होता. आरोपींपैकी बरेच मुंबईचे व कलकत्त्याचे होते. या शहरांत खटला चालला असता तर आरोपींना ज्युरीचा लाभ मिळाला असता. मीरतला ज्युरी नव्हती, केवळ असेसर होते. इतिहासकारांनी या मुद्द्यावर भर दिला आहे तो योग्यच. परंतु त्याच निवडीने बचावाचा खर्चही कितीतरी पटींनी वाढला. वकील, साक्षीदार, कागद आणि आरोपींना भेटू इच्छिणारे नातेवाईक या सर्वांना शेकडो मैलांचा प्रवास घडला. परळ-लालबागच्या कामगाराने दिलेल्या आण्यातून रेल्वेचे भाडे निघू लागले. खटल्याचे ठिकाण निवडण्याचा अधिकार फिर्यादीकडे असेल तर बचावाचा खर्च ठरविण्याचा अधिकारही काही अंशी त्याच्याच हाती जातो. सरकार पक्षाचा खर्च तर सरकारी तिजोरीतून होत होता. निकालापर्यंत जवळजवळ चार वर्षे गेली आणि तोवर जे तुरुंगात होते त्यांनी शिक्षेचा मोठा भाग निकालाआधीच भोगला होता.

लाल किल्ला : जेव्हा वकील कमी पडले नाहीत

सप्टेंबर १९४५ मध्ये काँग्रेसने आझाद हिंद सेना बचाव समिती नेमली. भुलाभाई देसाई, सर तेजबहादूर सप्रू, काटजू, असफ अली आणि स्वतः नेहरू तिच्यात होते. कित्येक वर्षांनी नेहरूंनी बॅरिस्टरचा झगा अंगावर चढविला. ५ नोव्हेंबर रोजी शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावरील खटला सुरू झाला. लष्करी न्यायालयाने त्यांना जन्मठेपेची शिक्षा दिली, पण जानेवारी १९४६ च्या आरंभी सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली.

या वेळी मीरतसारखी पैशाची चणचण जाणवली नाही. देशभर वर्गण्या जमल्या. याची कारणे राजकीय आहेत. निवडणुका तोंडावर होत्या, युद्ध संपले होते, आणि नेताजींच्या सैनिकांविषयी सर्व थरांत जिव्हाळा होता. चौरीचौराच्या संदर्भात मात्र हा प्रसंग एक अवघड प्रश्न उभा करतो. शस्त्र हाती घेऊन युद्ध केल्याचा आरोप असलेल्या अधिकाऱ्यांचा बचाव करण्यात काँग्रेसला अहिंसेची अडचण वाटली नाही. अहिंसेची शपथ घेतलेल्या आणि हिंसेचा आरोप आलेल्या आपल्याच स्वयंसेवकांच्या बाबतीत ती १९२२ मध्ये वाटली होती. मधल्या काळात अहिंसेचे तत्त्व बदलले नव्हते. बदलली होती ती आरोपींची लोकप्रियता. ज्यांच्या मागे जनमत उभे आहे त्यांना बचावनिधी मिळतो आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज असते ते जनमताच्या कडेला उभे असतात, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराच्या मुळाशी एक समजूत आहे : आरोपीचा खर्च उचलणे म्हणजे त्याच्या कृत्याला संमती देणे. वकिली व्यवसायाने ही समजूत फार पूर्वी निकालात काढली आहे, कारण खुन्याचा वकील खुनाचा समर्थक मानला जात नाही. संघटनांना मात्र ती अजून सोडता येत नाही. वस्तुतः संघटनेची बांधिलकी कृत्याच्या गुणदोषांवर ठरविण्याची गरजच नाही. ती आदेशावर ठरविता येते. माणूस संघटनेच्या सांगण्यावरून तेथे गेला होता काय, एवढाच प्रश्न पुरे आहे. उत्तर होकारार्थी असेल तर त्याने पुढे काय केले, किंवा केले की नाही, हे न्यायालयाने ठरवावे आणि ते ठरेपर्यंत त्याच्या बाजूने कोणीतरी बोलेल याची तजवीज संघटनेने करावी. मिरवणूक काढण्याचा आदेश देण्याचा अधिकार आणि मिरवणुकीतून पकडलेल्याला वकील देण्याचे दायित्व ही एकाच नात्याची दोन अंगे आहेत. प्रतिज्ञेने पहिल्या अंगाची नोंद केली होती.

राज्याची मदत आणि निधीदात्याचा हक्क

स्वतंत्र भारतात हा प्रश्न राज्याने सोडविला आहे, असे प्रतिपादन करता येईल. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने आपल्या पसंतीचा वकील करण्याचा हक्क दिला. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व आले. हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंद्याला निकालपत्राची नकल वेळेवर व विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे असे सांगितले. १९७९ च्या हुसैनआरा खातून प्रकरणाने या हक्काला अनुच्छेद २१ चा आधार दिला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली झाला व १९९५ पासून अमलात आला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०४ मधील राज्याच्या खर्चाने वकील देण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ मध्ये आली आहे.

ही प्रगती मोठी आहे. डुमरीच्या शेतकऱ्यास १९२३ साली यातील काहीच हक्काने मागता आले नसते. तरी स्वयंसेवकाच्या बाबतीत ती अपुरी पडते. अटकेत असलेली व्यक्ती उत्पन्न न पाहता साहाय्यास पात्र असते, पण जामिनावर सुटल्यावर उत्पन्नाची अट पुढे येते आणि मध्यम उत्पन्नाचा शिक्षक किंवा कारकून त्या मर्यादेबाहेर पडतो. प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी, प्रवासखर्च, जामीनदाराची शोधाशोध या गोष्टी कायदेविषयक साहाय्यात येत नाहीत. शिवाय आंदोलनातील खटल्यात फिर्यादी राज्यच असते. राज्याने नेमलेला वकील प्रामाणिक असला तरी त्याच्यावर आरोपीचा विश्वास बसेलच असे नाही, आणि पसंतीचा वकील हवा तर खर्च स्वतःचा हा नियम कायम आहे. म्हणजे संघटनेच्या निधीची गरज संपलेली नाही.

मग निधी देणाऱ्याचा बचावाच्या पद्धतीवर हक्क किती, हा प्रश्न उरतो आणि तो सर्वांत नाजूक आहे. मीरतमध्ये समितीला हा अनुभव लवकरच आला. आरोपी एका विचाराचे नव्हते. काहींना न्यायालय हे प्रचाराचे व्यासपीठ हवे होते, काहींना साधी सुटका हवी होती. एकाचा बचाव दुसऱ्याला अडचणीचा ठरू शकत होता. काही महिन्यांनी औपचारिक समिती विसर्जित झाली व सदस्य व्यक्तिशः मदत करू लागले, असे नेहरूंनी लिहिले आहे. समितीने आरोपींवर आपली भूमिका लादली नाही हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण आळवे-कासल्यांसारख्या कामगारांना पक्षाच्या भूमिकेहून वेगळा, केवळ स्वतःपुरता बचाव हवा असता, तर त्याचा खर्च कोणत्या निधीतून निघाला असता, याची तरतूद अशा समित्यांच्या रचनेत नव्हती. निधी सामुदायिक असतो आणि शिक्षा मात्र एकेकट्याला भोगावी लागते.

आझाद हिंद सेनेच्या पुढच्या खटल्यात याचे दुसरे टोक दिसले. कॅप्टन अब्दुल रशीद यांनी काँग्रेसच्या समितीऐवजी मुस्लिम लीगचा बचाव पत्करला. निधी कोणाचा घ्यावा हा आरोपीचा निर्णय १९४६ च्या वातावरणात जातीय राजकारणाचे निशाण ठरला. फेब्रुवारीत शिक्षा जाहीर झाली तेव्हा कलकत्त्याच्या रस्त्यांवर काँग्रेस, लीग व कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र दिसले आणि गोळीबारात माणसे मेली. रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांना व कामगारांना रशीद यांचा वकील कोणत्या पक्षाचा आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. पहिल्या तीन अधिकाऱ्यांची शिक्षा माफ झाली होती. त्यानंतर सरकारने केवळ क्रौर्याचे आरोप असलेल्यांवरच खटले चालवावयाचे ठरविले होते, त्यामुळे दोन्ही निकालांची सरळ तुलना करता येत नाही. रशीद यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली.